दिवाळीला गावी जाताना भुऱ्याचं काय करायचं?

ताई, नमस्कार.
लग्नाला पाच वर्षं झाली. आम्ही दोघं पुण्यात नोकरीला. सासर पाथरी तालुक्यातलं खेडं, माहेर अंबाजोगाईचं. घरात भुऱ्या हा गावठी कुत्रा आणि चिंगी ही मांजर आहे, दोन्ही रस्त्यावरून उचलून आणलेली. मागच्या दिवाळीला भुऱ्याला गावी नेलं. घर जुनं माळवदाचं आहे, पुढे स्लॅबच्या दोन खोल्या. सासूबाई म्हणाल्या, "कुत्रं उंबऱ्याच्या आत यायचं नाही." म्हणून त्याला गोठ्यात बांधलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दिरांच्या मुलांनी अंगणात सुतळी बॉम्ब लावले आणि भुऱ्या दावं तोडून पळाला. सकाळी गावाबाहेर तुरीच्या रानात सापडला. मान सोलली होती, अंग थरथरत होतं. माझा पाडवा रडण्यात गेला. तेव्हा चुलत सासूबाई चारचौघींत म्हणाल्या, "पोटी लेकरू नाही, मग कुत्र्यालाच लेकरावानी करायलेत." मिस्टर शेजारी होते, गप्प बसले. आमचे दोन वर्षांपासून उपचार चालू आहेत, ते घरी कुणालाच माहीत नाही. सासूबाईंना वाटतं, मांजरीचे केस पोटात जातात म्हणून दिवस राहत नाहीत. यंदा मिस्टर म्हणतात, भुऱ्याला बोर्डिंगला ठेवू. मी म्हणाले, मग मीही येत नाही. आठ दिवस झाले, घरात धड बोलणं नाही. काय करू?
— एक वाचक, पुणे

प्रिय मैत्रिणी,

यंदा गावी जा. भुऱ्याला घेऊन जा, चिंगीला पुण्यातच ठेव. उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल. अट एकच आहे. भुऱ्यासाठी घराच्या आत एक खोली मिळाली पाहिजे, आणि ती मागायचं काम तुझ्या नवऱ्यानं करायचं. खोली मिळणार नसेल तर भुऱ्याला नेऊ नका. गोठ्यात पुन्हा बांधायचं, हा पर्याय डोक्यातूनच काढून टाका.

मागच्या वर्षी काय झालं ते तुम्ही दोघांनी एकत्र बसून समजून घ्या, कारण घरच्यांना तेच समजावून सांगायचं आहे. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपासपर्यंत. आपल्याला सवयीचा झालेला सुतळी बॉम्ब त्याच्या कानावर फार वेगळा आदळतो. त्यात हे कुठून येतंय, कधी थांबणार, याचा त्याला पत्ता नसतो. घाबरलेलं कुत्रं आधी आडोसा शोधतं. गळ्यात दावं असलं की तो रस्ताही बंद, मग ते मान सोलेस्तोवर हिसके देतं. गोठ्यावर पत्रे असतील तर आवाज आणखी घुमतो, आणि शेजारच्या बिथरलेल्या गाईची लाथ बसायची भीती वेगळीच. भुऱ्यानं त्या रात्री मस्ती केली नाही की हट्ट केला नाही. तो जीव वाचवायला पळाला. नशीब, तुरीत अडकून राहिला. हमरस्त्यावर गेला असता तर सापडला नसता.

आता नवऱ्याशी बोलणं. "तो येणार नसेल तर मीही येत नाही" हे वाक्य मागं घे. तुझी बाजू खरी आहे, पण या वाक्यामुळे त्याला आई आणि बायको यांतून एकीला निवडावं लागतंय, आणि असं अडवलं की माणूस पुन्हा गप्पच बसतो. त्याऐवजी त्याला सरळ सांग की मागच्या वर्षी तू भुऱ्यापेक्षा जास्त त्याच्या गप्प बसण्यानं दुखावलीस. मला तुझ्या पत्रात हीच जखम ओली दिसते. कुत्रा सकाळी सापडला, मानेवरची कातडी भरून आली असेल. चारचौघींत ऐकलेलं ते वाक्य मात्र तू वर्षभर वागवते आहेस.

सासूबाईंना फोन त्यानं करायचा, आणि तू त्या वेळी फोनच्या आसपास नसावंस. सुनेनं मागितलं की तो हट्ट ठरतो, लेकानं मागितलं की ती घरातली सोय होते. हे न्याय्य नाही, मला मान्य आहे. पण दिवाळी तोंडावर असताना सगळं घर सुधारायला निघू नको. त्यानं एवढंच म्हणावं: "आई, मागच्या साली भुऱ्या मरता मरता वाचला. औंदा त्याला आतल्या खोलीत ठेवतो. देवघरात आन् चुलीपाशी तो येणार नाही, ती जबाबदारी माझी. त्याचं हगणं-मुतणं मी बघतो." इतकं. वाद घालायचा नाही, शहरात कुत्री सोफ्यावर बसतात हे सांगायचं नाही.

सासूबाईंबद्दल मला मनापासून एक सांगायचंय. तू त्यांना जनावरांचा तिटकारा असलेली बाई समजतेस, असं पत्रावरून वाटतं. त्या शेतकऱ्याच्या घरातल्या आहेत. वसुबारसेला गाय-वासराला ओवाळत असतील, त्या दिवशी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करत असतील. पोळ्याला बैलाचे खांदे त्यांनीच लोणी-हळदीनं मळले असतील. गाय अडली की रात्र रात्र जागणारी ही पिढी आहे. त्यांच्या लेखी जनावराची जागा ठरलेली असते, आणि कुत्र्याची जागा दाराबाहेर, राखणीला. त्यांना "भुऱ्या माझं बाळ आहे" असं सांगितलंस तर ते कळणार नाही, उलट चुलत सासूबाईंच्या बोलण्याला आयतं कोलीत मिळेल. "मुकं जनावर आहे, भेदरलंय" एवढं सांगितलंस तर कळेल, आणि कदाचित तुझ्याआधी सासूबाईच पाण्याची वाटी ठेवून येतील.

त्यांचं सोवळं मात्र प्रामाणिकपणे पाळ. देवघर, स्वयंपाकघर, लक्ष्मीपूजन मांडायची जागा, तिथं भुऱ्या नाही. त्याची सतरंजी आणि भांडी पुण्याहून ने, घरातलं ताट-वाटी वापरू नको. झडलेले केस कुणी बोलायच्या आत झाडून काढ. एक बारीक गोष्ट. अंगणात सकाळी शेणाच्या गवळणी घातलेल्या असतात. बोटाएवढ्या त्या बाहुल्या, कुणाच्या डोक्यावर घडा, कुणाच्या हातात रवी, वर झेंडूच्या पाकळ्या खोचलेल्या. बाईनं पहाटे उठून, थंडीत, ओल्या शेणात हात घालून ते सगळं मांडलेलं असतं. भुऱ्याचा एक पाय त्यात पडला की तुझी महिनाभराची बोलणी वाया. त्याला मागच्या दारानं फिरायला ने.

खोली कुठली, तेही सांगते. पुढच्या स्लॅबच्या खोल्या नकोत. तिथं खिडक्या रस्त्याकडे आणि आवाज घुमणारा. जुन्या माळवदातली आतली खोली माग. दोन-दोन हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि पांढऱ्या मातीचा थर, एखादाच झरोका. उन्हाळ्यात जी खोली थंड राहते तीच आवाजही अडवते. पण आत नेण्याआधी नवऱ्यानं स्वतः ती खोली तपासायची. शेतकऱ्याच्या घरात अशा खोलीत कापसावर फवारायच्या औषधाचे डबे असतात, उंदरासाठी पिठात कालवलेलं झिंक फॉस्फाइड कोपऱ्यात ठेवलेलं असतं. आणि धान्याला कीड लागू नये म्हणून पोत्यांत सल्फासच्या गोळ्या टाकल्या असतील तर त्या खोलीत कुत्रंच काय, माणसानंही थांबायचं नाही. त्या गोळ्यांतून निघणारा वायू जीव घेतो. हे विचारल्याशिवाय दार उघडू नका.

या आठवड्यात भुऱ्याला त्याच्या डॉक्टरांकडे ने. रेबीजची आणि बाकीची एकत्रित लस चालू तारखेची आहे का बघ. गोचिडांवर औषध घे, कारण गावात गुरं आहेत म्हणजे गोचीड आहे, आणि तिच्यातून कुत्र्याला रक्ताचे आजार होतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागच्या वर्षीचा प्रसंग डॉक्टरांना सविस्तर सांग. फटाक्यांच्या भीतीवर आता चांगली औषधं मिळतात, गाबापेंटिन, ट्रॅझोडोन वगैरे. ती वजन आणि तब्येत बघून डॉक्टरच देतात, आणि दिवाळीच्या आधी घरी एकदा देऊन बघायची असतात, म्हणजे त्याला किती सुस्ती येते ते कळतं. मेडिकलमधून मनानं झोपेची गोळी आणू नको, आणि मागच्या खेपेची उरलेली गुंगीची गोळीही नको. काही जुन्या औषधांनी अंग ढिलं पडतं पण भीती आतल्या आत तशीच राहते. बाहेरून कुत्रं शांत दिसतं आणि आत तडफडत असतं. गावी गेल्यावर गरज पडलीच तर परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तुमच्या गावापासून फार लांब नाही. सणाच्या दिवसांत तिथं कोण भेटेल, हे निघण्याआधी फोन करून विचारा. पशुसंवर्धनाच्या फिरत्या पथकाचा १९६२ हा टोल फ्री नंबर घरच्यांकडे असेलच, नसेल तर तुम्ही सेव्ह करून ठेवा.

प्रवासाचं थोडक्यात. तुमच्याकडे गाडी आहे का, हे तू लिहिलं नाहीस. रेल्वेनं जायचं असेल तर कुत्रा फर्स्ट एसीचा अख्खा कूपे मिळाला तरच सोबत नेता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. घाबरट कुत्र्याला त्या पेटीत घालू नका. गाडी भाड्यानं करा, ड्रायव्हरला कुत्र्याचं आधी सांगा. नगर, पाथर्डी, गढी, माजलगाव असा रस्ता धरलात तर पहाटे निघा. पावसाळा सरला की आपल्याकडे दुपारचं ऊन पुन्हा चटकायला लागतं. निघायच्या तीन-चार तास आधीपासून त्याला जेवण नको, पाणी चालेल. दर दोन-अडीच तासांनी थांबा. चहाला उतरलात तरी दोघांतलं एक जण गाडीपाशी राहा, काचा लावून त्याला आत एकटं सोडू नका. गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर कोरलेली पट्टी, गावी असेपर्यंत एक क्षणही काढायची नाही. मागच्या वर्षी ती असती तर तुरीत शोधत बसावं लागलं नसतं.

लक्ष्मीपूजनाचा दिवस असा काढा. दुपारी चार-साडेचारला त्याला शेताकडे लांब फिरवून आणा, दोरीवरच, आणि गल्लीतल्या कुत्र्यांपासून लांबून. दिवस मावळायच्या आत जेवण, शी-शू उरकून खोलीत. झरोक्याला गोधडी लावा, पंखा मोठा करा, टीव्ही नाहीतर मोबाइलवर भजनं लावा. खाटेखाली त्याची सतरंजी अंथरा, बहुतेक कुत्री अशा वेळी खाली घुसून बसतात. त्याला ओढून बाहेर काढू नका. जवळ आला तर जवळ घ्या, हात फिरवा. घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळलं की भीती वाढते असं लोक सांगतात, ते खरं नाही.

खोलीत कोणी बसायचं? पूजेच्या वेळी तुझ्या नवऱ्यानं. सून आरतीला नाही आणि कुत्र्यापाशी बसली, हे गावात वर्षभर पुरेल. लेक बसला तर दोन शब्द होतील आणि विरतील. पूजा झाली, लाह्या-बत्तासे वाटून झाले की तू आत जा आणि तो बाहेर येऊन भावाबरोबर बसू दे. मुलांशी बोलायचं कामही त्याचंच, पण आदल्या दिवशी, आणि रागावून नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिवाळीत फटाक्यांना रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली, पण खेड्यात त्या घड्याळावर कुणी चालत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. पोरांना सोबत घेऊन शाळेच्या मैदानावर जा म्हणावं, काकानं स्वतः चार अनार आणि भुईचक्र जास्तीचे घेऊन द्यावेत, आणि अंगणात बॉम्ब लावायचा नाही एवढं वचन घ्यावं. ज्या पोरांनी मागच्या वर्षी बॉम्ब लावला त्यांना भुऱ्या पळाल्याचं वाईट वाटलंच असणार, ती दुष्ट नाहीत. दिवसा त्यांना भुऱ्याला हातानं भाकरीचा तुकडा देऊ दे, तू शेजारी असताना. भेदरलेलं कुत्रं ओळखीच्या माणसालाही चावू शकतं म्हणून रात्री मात्र कुणीही मूल त्या खोलीत नको. चुकून कुणाला दात लागलाच तर लपवाछपवी न करता जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि सरकारी दवाखाना गाठायचा, भुऱ्याची लस झालेली असली तरीही.

फराळ त्याला कुणी देऊ नये, हे घरात पहिल्याच दिवशी सांग. मायेनं देतात ग, आजी तर हमखास. पण बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, चॉकलेट विषारी आहे, कांदा-लसूण रक्ताला वाईट, आणि तळलेली चकली-करंजी जास्त झाली की स्वादुपिंडाला सूज येऊन कुत्रं आडवं होतं. भाऊबीजेनंतर मटण शिजलं तर शिजवलेलं हाडूक नको, ते तुकडे होऊन आतड्यात रुततं. ज्वारीची भाकरी आणि साधं ताक, मीठ-फोडणी न घातलेलं, एवढं आजीच्या हातनं चालेल. पणत्यांतलं तेल कुत्री चाटतात, त्यावरही लक्ष ठेव.

चिंगीला इतक्या लांब नेऊ नको. मांजर माणसापेक्षा घराला धरून असते, अनोळखी घरात फटाक्यांच्या दिवसांत ती एकदा निसटली की सापडणं अवघड. ओळखीचं कुणीतरी सकाळ-संध्याकाळ येऊन जेवण, पाणी, मातीचा ट्रे बघेल अशी सोय कर. चार दिवसांचं खाणं ओतून दार लावून जाऊ नको. खिडक्यांच्या जाळ्या तपास. आणि ऑफिसातून दिवाळीचा पुष्पगुच्छ मिळाला असेल तर त्यातली लिलीची फुलं घरात ठेवू नको, लिलीनं मांजरीची मूत्रपिंडं निकामी होतात. अगदी पराग चाटला तरी.

आता तो केसांचा विषय. मांजरीचे किंवा कुत्र्याचे केस पोटात गेल्यानं दिवस राहत नाहीत, असं काहीही नाही. हे तू तुझ्या डॉक्टरांच्या तोंडून नवऱ्याला ऐकव, म्हणजे तो आईला ठामपणे सांगू शकेल. मांजरीबाबत खरी काळजी वेगळी आहे. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजरीच्या विष्ठेतून, तसाच अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो, आणि गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला धोका असतो. विष्ठेतला परजीवी लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज साफ करायचा, आणि तुमचे उपचार चालू आहेत तोवर आणि पुढेही तो तुझ्या नवऱ्यानं करायचा. तुझ्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांग, गरज वाटली तर ते रक्ताची तपासणी लिहून देतील. चिंगीला घराबाहेर काढायची काहीच गरज नाही.

उपचारांचं घरी सांगायचं की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवा. माझं मत विचारशील तर सासूबाईंना एकट्यांना सांगावं, लेकानं सांगावं, आणि दिवाळीच्या गर्दीत नाही, नंतर कधीतरी शांतपणे. त्यांना आज काहीच माहीत नाही म्हणून त्या मांजरीच्या केसांना दोष देतात. आईला खरं कळलं की बहुतेक वेळा तीच बाकीच्यांची तोंडं बंद करते. पण तुझी तयारी नसेल तर नको. तुझं शरीर आहे, बातमी तुझ्या परवानगीशिवाय घराबाहेर जाता कामा नये.

चुलत सासूबाई यंदाही बोलणार, हे धरून चला. उत्तर आत्ताच ठरवून ठेवा आणि ते तुझ्या नवऱ्याच्या तोंडी असू दे. "काकू, हा आमच्या दोघांचा विषय हाय. त्यावर बोलू नका." आवाज न चढवता, सगळ्यांसमोर, एकदाच. त्यानंतर त्यानं विषय बदलावा. तू काही बोलू नको, रडू आलं तरी तिथून उठू नको. त्यानं हे एक वाक्य उच्चारलं तर तुझ्या मागच्या पाडव्याचं बरंचसं भरून निघेल, असं मला वाटतं. नाही उच्चारलं, तर पुण्याला आल्यावर मला पुन्हा लिही. मग आपल्याला भुऱ्याबद्दल नाही, तुमच्या दोघांबद्दल बोलावं लागेल.

पाडव्याला नवऱ्याला ओवाळ, आणि भाऊबीजेला अंबाजोगाईला जाताना भुऱ्याला सोबतच ने. सासरी मागं ठेवून जाऊ नको, तुम्ही दोघंही दिसेनासे झालात तर तो पुन्हा पळायला बघेल. माहेरीही तीच एक खोली, तीच सतरंजी. पुण्यात परत आल्यावर दारातच त्याचं अंग, कान, बोटांच्या बेचक्या नीट तपासून गोचिडी काढ, कोमट पाण्यानं पूस, आणि चिंगी ज्या फडक्यावर झोपते ते त्याच्या अंगावरून फिरव. गुरांचा वास घेऊन आलेल्या ओळखीच्या कुत्र्यावरही मांजर फिस्कारते. पहिली रात्र दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेव, सकाळी एकत्र सोड.

तुझी,
ताई